छेदात काय आहे ते आधी सांगा

सदर: आकडेमोड
वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि अभ्यासाला त्यांच्याशेजारी बसणाऱ्या घरच्यांसाठी

गेल्या अंकात ‘संख्याशास्त्रातलं काहीही विचारा’ असं लिहिलं आणि मंडळींनी ते मनावर घेतलं. एकाने विद्यापीठाची अख्खी प्रश्नपत्रिका फोटो काढून पाठवली आहे. ती सोडवून मिळणार नाही, बाळा. एका गृहस्थांनी लॉटरीचा आकडा विचारला आहे. त्यांनाही तेच उत्तर. उरलेल्या पत्रांतली निवडक खाली घेतली आहेत. बहुतेकांना सूत्र पाठ आहे. वर काय मांडायचं तेही कळतं. खाली कशाने भागायचं, तिथे गाडी अडते.

प्रश्न: मॅडम, पाच दिवसांची विक्री हजारांत ४, ६, ८, १०, १२ अशी दिली होती आणि प्रमाण विचलन काढायचं होतं. माझं वहीत २.८३ आलं. मित्राने कॅल्क्युलेटरवर काढलं तर ३.१६. पुस्तकात २.८३ आहे. कॅल्क्युलेटर बिघडला आहे का?
— एफ.वाय.बी.कॉम.चा विद्यार्थी, संगमनेर

कॅल्क्युलेटर ठणठणीत आहे. मित्राने शेजारचा पर्याय घेतला, एवढंच.

आधी हिशेब बघ. सरासरी ८. फरकांचे वर्ग १६, ४, ०, ४, १६, बेरीज ४०. पाचने भागलं की ८, त्याचं वर्गमूळ २.८३. चारने भागलं की १०, त्याचं वर्गमूळ ३.१६. म्हणजे दोघांचं चाळीसपर्यंत एकमत आहे. तू एनने, म्हणजे आकडे जितके तेवढ्याने भागलंस, मित्राने एन वजा एकने.

तुमच्याकडे बहुधा कॅसिओचा एफएक्स-८२ एमएस असेल, वर्गात निम्म्या बाकांवर तोच असतो. त्यात मोड दाबून २ घेतलं की एसडी, म्हणजे प्रमाण विचलनाचा मोड लागतो. प्रत्येक आकड्यानंतर एम-प्लस दाबायचं. मग शिफ्ट आणि २ दाबलं की तीन पर्याय येतात: पहिला सरासरी, दुसरा सिग्मा एन, तिसरा सिग्मा एन वजा एक. मित्राने तिसरा घेतला. आणखी एक सांगते, कारण यात दरवर्षी पोरांचे मार्क जातात. नवं गणित सुरू करण्याआधी शिफ्ट, मोड, १ आणि बरोबरचं चिन्ह दाबून जुने आकडे पुसायचे. नाहीतर आधीच्या गणिताचे आकडे आतच बसून राहतात आणि नव्यात मिसळतात. एम-प्लस दाबल्यावर पडद्यावर एन किती झाला ते दिसतं. पाच आकडे भरल्यावर तिथे ५ दिसायला हवेत. ९ दिसले तर पुढे जाऊच नको.

आता तू न विचारलेला, पण खरा प्रश्न: दोन पर्याय ठेवलेतच कशाला? कागदाच्या तीन चिठ्ठ्या कर. त्यांवर २, ४, ६ लिही. हीच तुझी संपूर्ण समष्टी, म्हणजे अख्खा गठ्ठा. सरासरी ४, फरकांचे वर्ग ४, ०, ४, बेरीज ८, तीनने भागून विचरण (वर्गमूळ काढण्याआधीचा आकडा) २.६७. आता समज, हे तुला माहीतच नाही. तू एक चिठ्ठी उचललीस, आकडा लिहिलास, चिठ्ठी परत टाकलीस आणि पुन्हा एक उचललीस. अशा दोन-दोनच्या एकूण नऊ जोड्या होतात. प्रत्येक जोडीची तिची स्वतःची सरासरी काढून फरकांच्या वर्गांची बेरीज कर. २-२, ४-४, ६-६ यांची शून्य. २-४, ४-२, ४-६, ६-४ यांची प्रत्येकी २. २-६ आणि ६-२ यांची प्रत्येकी ८. सगळी मिळून २४.

प्रत्येक जोडीत आकडे दोन, म्हणून दोनने भागलंस तर नऊ जोड्यांचं सरासरी विचरण १२ भागिले ९, म्हणजे १.३३ येतं. खरं होतं २.६७. बरोबर निम्मं! आणि दोन वजा एक, म्हणजे एकने भागलंस तर २४ भागिले ९, नेमकं २.६७. कारण उघड आहे. जोडीची सरासरी ही त्याच दोन आकड्यांतून काढलेली, त्यांच्या मधोमध बसलेली. तिच्यापासून मोजलं की पसारा कमी भासतो. खरी सरासरी कुठे आहे ते जोडीला ठाऊक नसतं. एन वजा एक ती तूट भरून काढतं.

तेव्हा नियम असा: दिलेले आकडे हीच सगळी माहिती असेल तर एन. ते मोठ्या गठ्ठ्यातून उचललेला नमुना असतील आणि गठ्ठ्याविषयी बोलायचं असेल तर एन वजा एक. पहिल्या वर्षाच्या पेपरात ‘नमुना’ असा शब्द नसेल तर पुस्तकाप्रमाणे एनच धर. एक्सेलमध्येही दोन वेगळी सूत्रं आहेत, एकाच्या शेवटी पी आणि दुसऱ्याच्या शेवटी एस. नोकरीत एक्सेलच वापरशील, तेव्हा आत्ताच ओळख करून घे.

प्रश्न: मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. बाजार समितीच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. मला वाटायचं, किमान आणि कमाल मिळवून दोनने भागलं की सर्वसाधारण. पण तसं कधी जुळत नाही. मुलगी म्हणते, हा बहुलक आहे. आणि पेपरात मात्र कमाल भावच ठळक छापतात. माझ्या मालाला तो कधी लागत नाही.

दादा, मुलगी बरोबर आहे. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या बाजारभावाच्या संकेतस्थळावरही हेच तीन रकाने असतात आणि तिसऱ्याला तिथे मोडल प्राइस म्हणतात. ज्या भावाने सर्वांत जास्त माल गेला, तो भाव. बहुलक शिकवायला पुस्तकवाले चपलांचे नंबर घेतात. लासलगावच्या लिलावाइतकं जिवंत उदाहरण दारात असताना चपला कशाला, हे मला कधीच कळलं नाही.

आपण एक लिलाव मांडू. आकडे माझ्या मनचे आहेत, हे आधीच सांगते. दहा वाहनं आली. दोन ट्रॉल्यांत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा होता, तो ५०० रुपये क्विंटलने गेला. पाच ट्रॉल्या १,४५० ने. दोन १,६०० ने. आणि एका पिकअपमध्ये निवडून भरलेला, चकाकणारा माल, तो २,१०० ने. ट्रॉलीत २० क्विंटल, पिकअपमध्ये १० क्विंटल धरू.

किमान ५००, कमाल २,१००. तुमच्या पद्धतीने मधला १,३००. या भावाने एक कांदाही विकला गेलेला नाही. दहा वाहनांच्या भावांची साधी सरासरी १,३५५. पण यात पिकअपला ट्रॉलीएवढाच मान दिला, तोही अन्याय. वजन धरून काढा: ४० क्विंटल पाचशेने २० हजार, १०० क्विंटल चौदाशे पन्नासने १ लाख ४५ हजार, ४० क्विंटल सोळाशेने ६४ हजार, १० क्विंटल एकवीसशेने २१ हजार. एकूण अडीच लाख रुपये, भागिले १९० क्विंटल, म्हणजे १,३१६. ही भारित सरासरी. आणि बहुलक १,४५०.

चार आकडे आले आणि चारही त्याच एका लिलावाचे. यातला खरा कोणता, असं विचारू नका. कशासाठी हवा, ते विचारा. लिलावात एकूण उलाढाल किती झाली हे बघणाऱ्याला १,३१६ हवा, कारण त्याला क्विंटलने गुणलं की पुन्हा अडीच लाख येतात. दुसऱ्या कुठल्याही आकड्याने येणार नाहीत. तुम्ही सकाळी ट्रॉली भरायची की दोन दिवस थांबायचं ते ठरवत असाल, आणि माल मध्यम प्रतीचा असेल, तर १,४५० बघा. २,१०० हा एका पिकअपचा भाव आहे. पेपरवाले तो ठळक छापतात कारण तो मोठा आहे, दुसरं कारण नाही. त्या भावाने किती क्विंटल गेलं हे शेजारी छापलं असतं तर कुणी तक्रार केली नसती.

मुलीला एवढंच सांगा: सर्वांत जास्त माल दोन भावांना सारखाच गेला, तर बहुलक दोन निघतात. गोल्टीची आवक मोठी असेल त्या दिवशी हे सहज होतं. परीक्षेत ‘बहुलक एकच असतो का’ असा एका गुणाचा प्रश्न आला तर तिला बाजार समिती आठवली पाहिजे.

प्रश्न: रेपो दर ६.५० वरून ६.२५ झाला तेव्हा बातमीत ‘दर ०.२५ टक्क्यांनी घटला’ असं होतं. परीक्षेत असं लिहिलं तर चालेल का?
— ठाणे

फेब्रुवारी २०२५ ची ती बातमी. बोलताना चालतं, पेपरात नको. ६.५० चे ०.२५ टक्के म्हणजे ०.०१६ च्या आसपास. तेवढी घट कुणाच्या लक्षातही आली नसती. घट पाव टक्केबिंदूची, बँकवाल्यांच्या भाषेत २५ बेसिस पॉइंटची. टक्क्यातच सांगायची तर ०.२५ भागिले ६.५०, म्हणजे ३.८५ टक्के.

प्रश्न: मुलीला बीबीए-बीएमएसच्या सीईटीत ८८ पर्सेंटाइल आहेत. नातेवाईक म्हणतात, वा, ८८ टक्के! मी काय सांगू?
— एक आई, अकोला

सांगा की शंभरातल्या साधारण ८८ जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत. तिला शंभरपैकी ५५ गुण असतील किंवा ८०, पर्सेंटाइलवरून ते कळत नाही. टक्क्यांत छेदाला प्रश्नपत्रिकेचे गुण असतात, पर्सेंटाइलमध्ये परीक्षेला बसलेली मुलं. अकरावीच्या अर्थशास्त्रात ‘विभाजन मूल्ये’ नावाचा धडा आहे. चतुर्थक, दशमक, शतमक. मुलं तो पाठ करून विसरतात आणि सीईटीचा निकाल लागला की घरोघरी पुन्हा उघडावा लागतो. नातेवाइकांना मात्र पेढे द्या आणि विषय संपवा. ८८ चांगलेच आहेत.

प्रश्न: एका मॅनेजमेंट कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘सरासरी पॅकेज ५.१ लाख’ असं आहे. विश्वास ठेवावा का?
— पालक, सोलापूर

आकडा खरा असू शकतो, म्हणून तर तो छापतात. वर्गात ६० मुलं धरा. नोकरी लागली २० जणांना. त्यातल्या १८ जणांना ३ लाख आणि दोघांना २४ लाख. बेरीज १०२ लाख, भागिले २० म्हणजे ५.१ लाख. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ३ लाख. आणि त्या १०२ लाखांना साठने भागलं तर १.७. कॉलेजात फोन करून दोनच गोष्टी विचारा: कितीने भागलं, आणि मध्यक किती. दुसऱ्या प्रश्नाला ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ असं उत्तर आलं की काय ते समजा.

प्रश्न: मॅडम, मी टी.वाय.ला आहे. दरमहा १,००० रुपयांची एसआयपी सुरू केली. तीन महिन्यांत एनएव्ही (एका युनिटचा भाव) ४०, ५० आणि २५ असा होता. सरासरी ३८.३३ येते. पण ॲपवर माझी सरासरी खरेदी किंमत ३५.२९ दाखवतात. शिवाय एजंट काका म्हणतात, ‘बघ, एसआयपीने तुझा तीन रुपयांचा फायदा झाला.’ खरं आहे का?
— रत्नागिरी

ॲप बरोबर आहे. काकांचं नंतर बघू.

पहिल्या महिन्यात हजार भागिले ४०, २५ युनिट मिळाली. दुसऱ्या महिन्यात २०. तिसऱ्या महिन्यात ४०. एकूण ८५ युनिट, खर्च ३,०००. एका युनिटला ३५.२९. तू जी ३८.३३ काढलीस ती अंकगणितीय सरासरी. तू दरमहा ठरावीक युनिट घेत असतीस, समज वीस-वीस, तर तीच बरोबर ठरली असती. पण तू ठरावीक रुपये घालतेस. त्यामुळे स्वस्त महिन्यात जास्त युनिट पदरात पडतात आणि त्या भावाचं वजन आपोआप वाढतं. हीच पुस्तकातली हरात्मक सरासरी. मुलं तिला घाबरतात, कारण पुस्तकात ती ‘गाडी जाताना ४० आणि येताना ६०’ अशाच गणितात भेटते. तिथेही मेख तीच, अंतर ठरावीक आणि वेळ बदलता.

आता काका. हरात्मक सरासरी अंकगणितीय सरासरीपेक्षा कधीच जास्त नसते. सगळे आकडे सारखे असतील तरच दोन्ही समान. म्हणजे एनएव्ही हलला की ॲपवरचा आकडा साध्या सरासरीच्या खालीच राहणार. बाजार वर जावो, खाली जावो किंवा वेड्यासारखा नाचो. हा अंकगणिताचा गुणधर्म आहे, कुणाचं कौशल्य नाही आणि फायदा तर नाहीच. फायदा बघायचा तर ८५ युनिटना आजच्या २५ ने गुण. २,१२५ रुपये. घातले ३,०००. सध्या ८७५ रुपयांचा तोटा आहे, आणि काका तुला तीन रुपयांचा फायदा सांगतायत! तोटा पुढे भरून निघू शकतो, एसआयपी वाईट असंही मी म्हणत नाही. शिस्त लागते, हा तिचा खरा उपयोग. पण दोन सरासऱ्यांमधला फरक खिशात येत नसतो.

काका कधी ‘सरासरी वार्षिक परतावा २५ टक्के’ म्हणाले तर त्यांना वर्षावार आकडे माग. पहिल्या वर्षी अधिक १००, दुसऱ्या वर्षी उणे ५०. सरासरी २५ खरीच. पण शंभराचे दोनशे झाले आणि दोनशेचे पुन्हा शंभर. हाती शून्य. इथे गुणोत्तर सरासरी लागते: २ गुणिले ०.५ बरोबर १, वर्गमूळ १, वाढ शून्य. माहितीपत्रकात सीएजीआर (वार्षिक चक्रवाढ दर) म्हणून जे छापतात ते हेच. आमच्या वेळी याला लॉगटेबल काढावं लागायचं, म्हणून गुरुजी हा भाग पटकन उरकायचे. तुमच्या फोनमध्ये घातांक आहे. तुम्हाला सबब नाही.

प्रश्न: सीए फाउंडेशनसाठी संख्याशास्त्र ऑप्शनला टाकलं तर?
— नाव नको, पुणे

तिसरा पेपर १०० गुणांचा, त्यात संख्याशास्त्र ४०. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. टाकून बघ.

प्रश्न: मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो. महागाईचा दर कमी झाल्याची बातमी येते आणि किराण्याचं बिल वाढलेलं असतं. खोटं कोण बोलतं? आणि आमची महागाई सवलत नक्की कशावरून काढतात?
— मिरज

खोटं कुणी बोलत नाही. तूरडाळ शंभराची एकशेवीस झाली, तेव्हा वाढ २० टक्के. पुढच्या वर्षी १२६ झाली, तेव्हा वाढ ६ भागिले १२०, म्हणजे ५ टक्के. महागाईचा दर वीसवरून पाचवर आला आणि डाळ आणखी सहा रुपयांनी महागली. दोन्ही खरं. बातमी दर सांगते, दुकानदार भाव मागतो. छेद शंभराचा एकशेवीस झाला, तो बातमीत येत नाही.

सवलतीचा हिशेब औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून होतो. लेबर ब्यूरो तो दरमहा काढतो. सध्याच्या मालिकेचं आधारवर्ष २०१६. सातव्या वेतन आयोगाचं सूत्र मात्र २००१ च्या जुन्या मालिकेवर बसवलेलं आहे. म्हणून नव्या आकड्याला २.८८ या जोड-गुणकाने गुणतात. नवा निर्देशांक १३९ असेल तर जुन्या मापाने ४००.३२. अशा बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, तीतून २६१.४२ वजा करायचे आणि पुन्हा २६१.४२ नेच भागायचं. २६१.४२ ही २०१५ च्या बारा महिन्यांची सरासरी. आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, म्हणून तिथून मोजणी. बारा महिन्यांची सरासरी ३९२.१३ झाली की बरोबर ५० टक्के. जानेवारी २०२४ पासून जो ५० टक्के दर लागू झाला, तो असा. दशांश सोडून देतात, तेव्हा ५०.९ आले तरी ५०.

तुमची खंत मला यात एका ठिकाणी रास्त वाटते. निर्देशांकाची टोपली, म्हणजे त्यात धरलेल्या वस्तू, कामगार कुटुंबाची आहे. २०१६ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांना ३९.१७ टक्के भार आहे, आधीच्या मालिकेत तो ४६.२ होता. तुमच्या घरी महिन्याला मोठी रक्कम औषधांवर जात असेल, तर तुमची महागाई त्या टोपलीत पुरती उतरत नाही. लास्पेअर यांच्या पद्धतीत आधारवर्षाचे भार धरून ठेवतात, माणसं मात्र म्हातारी होतात. घरच्या घरी स्वतःचा निर्देशांक काढायचा असेल तर दोन वर्षांपूर्वीची किराण्याची आणि मेडिकलची बिलं शोधा. तेव्हा जेवढ्या वस्तू घेत होता तेवढ्याच वस्तूंना आजचे भाव लावा, तेव्हाच्या बिलाने भागा, शंभराने गुणा. निवृत्त माणसाला याहून बरा उद्योग मी सुचवू शकत नाही.

प्रश्न: प्रकल्पाचा विषय ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा यूपीआय वापर’ आहे. गुगल फॉर्म बनवून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ४० जणांनी भरला. सर म्हणतात, नमुना लहान आहे, १०० कर. म्हणून आणखी पाच ग्रुपवर टाकतोय. चालेल ना?
— टी.वाय.बी.कॉम., सातारा

शंभर काय, पाचशे केलेस तरी अडचण तीच राहील. मोबाइलवर, इंटरनेटवरून, स्वतःहून फॉर्म भरणाऱ्यांना तू विचारतोयस की मोबाइलवरून पैसे देता का. ९५ टक्के ‘हो’ येणार. यूपीआय न वापरणारा मुलगा तुझ्या फॉर्मपर्यंत पोचलाच नाही. नमुना वाढवला की योगायोगाने होणारी चूक कमी होते. एका बाजूला कललेला नमुना मात्र वाढवून सरळ होत नाही; तोच कल फक्त जास्त ठामपणे दिसायला लागतो.

तू साताऱ्याचा आहेस, म्हणून तुझ्याच जिल्ह्यातल्या माणसाचं उदाहरण देते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध. लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली आणि परत येऊन देशाच्या कृषी संशोधन परिषदेत पिकांचा अंदाज घेण्याच्या कामाला लागले. त्या काळात वाद होता की पीक कापणी प्रयोगासाठी, म्हणजे तुकड्यातलं पीक कापून, तोलून त्यावरून साऱ्या उत्पादनाचा अंदाज बांधण्यासाठी, शेतात तुकडा केवढा आखायचा. एक बाजू म्हणे, छोटे तुकडे घ्या. स्वस्त पडतात, म्हणून जास्त घेता येतात. छोट्या तुकड्यांची पद्धत मांडणारे प्रशांतचंद्र महालनोबिस, म्हणजे भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी करणारे खुद्द प्रोफेसर. सुखात्म्यांनी शेतात मोजून दाखवलं की छोट्या तुकड्यांतून उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येतं. १९४६ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं.

कारण एखाद्या कापणी करणाऱ्यालाही पटेल असं आहे. तुकडा आखायला दोरी ताणली की काही रोपं बरोबर दोरीवर येतात. आत घ्यायची की बाहेर ठेवायची? हात आपसूक ती आत घेतो. भरलेलं कणीस बाहेर टाकवत नाही. मोठ्या तुकड्यात कडेची रोपं एकूण रोपांच्या मानाने थोडी, म्हणून फरक नगण्य. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. आणि असे छोटे तुकडे हजार घेतले, तर तीच चूक हजार वेळा होते. सगळ्या एकाच दिशेच्या, त्यामुळे एकमेकींना खोडत नाहीत. पीक विम्याची भरपाई आजही पीक कापणी प्रयोगाच्या उंबरठ्यावर अडते किंवा सुटते, तेव्हा हा वाद केवळ पुस्तकातला राहिलेला नाही. तुझ्या गावात कापणी प्रयोग होईल तेव्हा मोबाइल खिशात ठेवून दोरीकडे बघ.

तुझ्या प्रकल्पाचं काय करायचं ते सांगते. ऑफिसातून सरांच्या सहीने वर्गांची हजेरी यादी घे. समज, तिन्ही वर्षांची मिळून ६०० मुलं आहेत. एक्सेलच्या यादृच्छिक आकड्यांनी त्यातले ६० क्रमांक काढ. त्या साठांनाच गाठायचं, त्यांच्याऐवजी समोर दिसलेल्या मित्राला नाही. कुणी एसटीने उंब्रजहून येत असेल आणि दुपारी निघून जात असेल तर सकाळी स्टँडवर गाठ. कुणाकडे साधा फोन असेल तर कागदावर विचारून घे. साठांत ५२ मिळाले तरी तुझा प्रकल्प ग्रुपवरच्या शंभरांपेक्षा कितीतरी उजवा होईल. सर ऐकत नसतील तर ही दोन परिच्छेदांची दोरीची गोष्ट त्यांना वाचायला दे. आणि जे आठ जण मिळाले नाहीत त्यांचा आकडा, कारणासकट, निष्कर्षाच्या आधी लिही. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक त्यावरच बोट ठेवतील, आणि तुझ्याकडे उत्तर असेल.